न धरणारा पाया

त्या गुरुवारी करंजवाडी फाट्यावर इतकी माणसं जमली होती की निफाडकडून आलेल्या एसटीला पुढे जाऊन थांबावं लागलं. रस्त्यापासून वीसेक फूट आत, खंडेराव मौल्यांच्या बांधाजवळ चार खड्डे होते. प्रत्येक खड्ड्यात काँक्रीट भरलेलं, आणि त्यात एकेक लोखंडी खांब उभा केलेला. माल ओतून चौथा दिवस होता. ही २००२ च्या जानेवारीतली गोष्ट.

धोंडीराम महाराजांनी भगवी शाल सावरली, एक गज हातात घेतला आणि पहिल्या खड्ड्यात टेकवला. जोर असा लावलाच नाही. मळलेल्या कणकेत काडी जावी तसा गज वीतभर आत गेला. महाराज दुसऱ्या खड्ड्याकडे गेले, मग तिसऱ्या, मग चौथ्या. सगळीकडे तेच. बांबूचा टेकू जरा सैल केला की खांब डुलायचा.

"सिमेंट खोटं नाही," महाराज म्हणाले. "वाळू खोटी नाही, खडी खोटी नाही. या भूमीत एक कंपन आहे. विज्ञान त्याला एनर्जी म्हणतं. विज्ञान आत्ता कुठं तिथवर पोचतंय, आम्ही तिथून केव्हाच परत आलो."

मग त्यांनी डोळे मिटले. मान एका बाजूला कलली आणि त्यांच्या तोंडून बारीक, पोरीसारखा आवाज निघाला. "आई, मी इथंच आहे. मला नको गं हे बांधकाम. आई, माझा तुझ्यावर राग नाही."

खंडेरावांची बायको साळूबाई खड्ड्याच्या कडेला बसली होती. तिनं दोन्ही हात त्या ओल्या काँक्रीटवर ठेवले आणि तशीच बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पाया धरला नाही याचं तिला बरंच वाटत होतं, हे मला लांबूनही दिसलं.

मी गर्दीत मागे उभा होतो. गावच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. तो आवाज ज्या पोरीचा म्हणून सांगत होते, ती शुभांगी माझी विद्यार्थिनी. दहावीला शाळेत पहिली आलेली. मौल्यांची शेवंती आणि मेथी-कोथिंबीर रोज नाशिकच्या बाजारात जायची, घरात कामाला हात कमी, म्हणून साळूबाईला पोरीनं पुढं शिकायला नको होतं. मी तीनदा त्यांच्या घरी गेलो, समजावलं, आणि शुभांगी निफाडच्या कॉलेजात जाऊ लागली. ऑगस्टमधल्या एका सकाळी ती फाट्यावर एसटीची वाट पाहत उभी होती. तिथं उभं राहायला जागा म्हणजे डांबरी रस्त्याची कड. पाऊस होता, ट्रक घसरला. ती जागीच गेली.

मी अंत्यविधीला होतो. त्यानंतर त्या घरी गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो? साळूबाईची नजर एकदा बाजारात माझ्यावर पडली होती, ती मला पुरेशी होती.

खंडेराव चार महिने कुणाशी फारसं बोलले नाहीत. मग डिसेंबरात त्यांनी ठरवलं की आपल्या शेताची कड सोडायची आणि तिथं, रस्त्यापासून आत, एक निवारा बांधायचा. चार खांब, वर पत्रा, बसायला बाक. कॉलेजला जाणारी पोरं तिथं उभी राहतील. सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आलेलं एक जोडपं होतं, बुधा आणि भागीबाई. बुधाला गवंडीकाम यायचं. त्या दोघांना खंडेरावांनी कामाला घेतलं. फाट्यावर विहीर नाही, म्हणून पाणी जीवन नावाचा पोरगा ट्रॅक्टरवरून ड्रमात आणून द्यायचा. जीवन महाराजांच्या मठात सेवेकरी होता, पण पाण्याचा ट्रॅक्टर त्याचाच, त्यात कुणाला काही खटकलं नाही.

साळूबाई मठात जायला लागली होती ती तेराव्यानंतर. महाराज स्वतः त्यांच्या घरी आले होते. दर गुरुवारी तिथं शुभांगी बोलते, असं ती सांगायची. निवाऱ्याचं ठरलं तेव्हा महाराज सगळ्यांदेखत म्हणाले, हा पाया धरणार नाही, पोरीची इच्छा नाही. खंडेरावांनी ऐकलं नाही. माल ओतला, तो धरला नाही. त्यांनी मला विचारलं. निफाडची थंडी तर ठाऊकच आहे, पहाटे दव गोठून त्याचं दहिवर होतं. मी म्हणालो, थंडीमुळे उशीर लागतो, दोन दिवस थांबा. दोन दिवसांनी माल तसाच. लोक मला हसले. खंडेरावांनी सगळा माल उकरून काढला, नाशिकहून ताजं सिमेंट आणलं, पुन्हा ओतलं. तोच हा दुसरा माल होता, आणि तोही गजाखाली मऊ निघाला होता.

महाराजांनी त्या दिवशी उपाय सांगितला. पुढच्या गुरुवारी ते स्वतः पाणी भारून देतील आणि त्या पाण्यानं पाया धरेल. पण पोरीचा जीव घरात अडकलाय, तो सोडवायचा तर तिची धाकटी बहीण मठात कायमची सेवेला द्यायची. धाकटी छाया नववीत होती. साळूबाईनं होकाराची मान हलवली. खंडेराव खाली बघत राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि मला खरी भीती तिथं वाटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत छाया प्रयोगशाळेच्या दारात आली. रडत नव्हती. तिनं विचारलं, "सर, सिमेंटला कुणाचा आत्मा कसा कळतो?"

मी म्हणालो, नाही कळत.

"मग ते का धरत नाही?"

नुसतं "असलं काही नसतं" म्हणून भागणार नव्हतं. मी तिला म्हणालो, शोधू.

शाळा सुटल्यावर मी फाट्यावर गेलो. भागीबाई फावडी धूत होती. लोक तिच्याकडे आणि बुधाकडेही संशयानं बघायला लागले होते, डोंगरातली माणसं, काही करणी करत असतील म्हणून. त्यामुळे आधी ती बोलेना. मग मी तिच्याजवळ उकिडवा बसलो आणि सरळ विचारलं, तुम्ही इतकी वर्षं माल कालवताय, यात वेगळं काय दिसतंय? तिनं बोटानं खड्ड्याची कड दाखवली. तिथं लाल मुंग्यांची रांग लागली होती. "सिमिटाला मुंग्या लागलेल्या म्यां कधी पाह्यल्या नाय," ती म्हणाली. "न् हात चिकट होतात. पह्यल्या दिसापासून."

ड्रमाच्या काठावरही मुंग्या होत्या.

माझा एक जुना विद्यार्थी ज्ञानेश नाशकात इमारतींच्या कामावर देखरेख करायचा. त्याला फोन लावला. मुंग्या म्हटल्याबरोबर तो हसला. म्हणाला, सर, पुलाच्या कामावर मिक्सर बंद पडला तर आतला माल दगड होऊ नये म्हणून आम्ही त्यात साखर टाकतो. गोणीमागं दोन-तीन मुठी पडली तरी माल दिवसेंदिवस धरत नाही.

शनिवारी छायानं त्या ड्रमातलं पाणी बाटलीत भरून आणलं. आम्ही तीन रिकामे डबे घेतले. तिन्हींत एकाच गोणीतलं सिमेंट, तीच वाळू, तेच माप. पहिल्यात शाळेच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात ड्रमातलं, तिसऱ्यात नळाच्याच पाण्यात चमचाभर साखर विरघळवून. तिन्ही डबे व्हरांड्यात एकाच थंडीत ठेवले. सोमवारी सकाळी पहिल्या डब्यावर नखही उमटेना. दुसऱ्या-तिसऱ्यात छायाचं बोट रुतलं. उरलेलं ड्रमाचं पाणी आम्ही पातेल्यात आटवलं. तळाशी पाकासारखं चिकट राहिलं, मग तांबूस झालं आणि खोलीभर जळक्या साखरेचा वास सुटला.

छायानं पातेलं खाली उतरवलं. मग म्हणाली, "म्हणजे ताई तिथं नाहीये."

मी म्हणालो, नाही. तेव्हा ती रडली. मला वाटलं होतं, ती सुटल्याच्या आनंदात असेल. मीही किती वर्षं असं समजत आलो होतो की खोटं उघड झालं की माणसाला मोकळं वाटतं.

बुधवारी संध्याकाळी मी पाच महिन्यांनंतर पहिल्यांदा मौल्यांच्या घरी गेलो. साळूबाईनं मला पाहिलं आणि आत निघून गेली. ओट्यावर बसून मी खंडेरावांना सगळं सांगितलं, डबे दाखवले. त्यांनी डबा हातात घेऊन अंगठ्यानं दाबून पाहिला.

"मला पटतंय सर," ते हळू आवाजात म्हणाले. "पण एक सांगू? ती हप्ताभर नीट जेवत नाय. गुरुवारी मठातून आली की पोटभर भाकर खाती. तेवढाच एक दिवस. ते बी बंद करू का मी?"

वर्गात अंधश्रद्धेवर तासभर बोलू शकणारा मी, त्या ओट्यावर मला एक वाक्य सुचलं नाही. शेवटी तेच बोलले. "मोठी गेली. धाकटी जिती हाय. उद्या मीच बोलतो."

गुरुवारी गर्दी दुप्पट होती. दुसरा मालही उकरून काढलेला, खांब बाजूला आडवे ठेवलेले. जीवननं नवा ड्रम भरून आणला होता. महाराजांनी त्यात अंगारा टाकला, नारळ फिरवला, पाण्याला "चैतन्यजल" असं नाव दिलं आणि पाण्याच्या रेणूला कान असतात, तो मंत्र ऐकतो, असं शास्त्रज्ञांनाही उशिरा समजल्याचं सांगितलं. तेवढ्यात जीवन जुना, अर्धा भरलेला ड्रम कलंडवायला गेला. भागीबाई त्या ड्रमाला पाठ लावून उभी होती. ती हलली नाही.

खंडेराव पुढं आले. त्यांनी नव्या ड्रमातलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं. मग जुन्या ड्रमातलं घेतलं, आणि थांबले. "गोड हाय," ते म्हणाले. शेजारच्या म्हाताऱ्या गोजराबाईंना त्यांनी ओंजळ दिली. गोजराबाई आधी लाजल्या, मग त्यांनी चाखलं आणि मान डोलावली. मग एकेक करून माणसं पुढं आली. मी तिन्ही डबे बांधावर मांडले. छायानं हातोडीनं पहिल्या डब्यातल्या मालावर ठोका मारला, टण् आवाज आला. दुसऱ्यात हातोडी रुतली. तिसऱ्यातही. तिनं स्वतःच सांगितलं, कशात काय घातलं होतं ते. तिनं काही गाळलं नाही.

सगळ्यांनी जीवनकडे पाहिलं. तो आधी नाही म्हणाला, मग खाली बसून सगळं बोलून गेला. दोन वर्षं मुंबईला पुलाच्या कामावर होता, तिथं हे शिकला. दर ड्रमामागं दोन किलो साखर टाकायला महाराजांनी सांगितलं होतं. आजच्या ड्रमात टाकू नको, असंही.

महाराज मात्र जागचे हलले नाहीत. ते हसले. "आत्मा तृप्त होऊ लागला की जलात माधुर्य उतरतं," ते म्हणाले. "तुम्ही ज्याला साखर म्हणता, तो प्रसाद आहे. तुम्ही प्रसाद चाखलात."

खोटं वाटेल, पण गर्दीतल्या दोन-चार जणांनी हात जोडले. नुसत्या पुराव्यानं सगळं संपत नाही, हे मी त्या क्षणी पाहिलं. महाराजांनी ते ओळखलं आणि लगेच डोळे मिटले. तोच बारीक आवाज. "आई, यांचं ऐकू नकोस. मी आहे. माझा तुझ्यावर राग नाही."

तेव्हा साळूबाई उठली.

ती महाराजांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. पदर नीट केला. "शुभे," ती म्हणाली, "मला एकच सांग. त्या दिवशी घरातनं निघताना तू मला काय म्हणाली होतीस?"

महाराजांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मग आवाज आला. "म्हणाले होते, आई, काळजी घे. मी लवकर येते."

साळूबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"काय बी म्हणाली नव्हती," ती म्हणाली. "आमचं भांडण झालतं. फुलं तोडायची टाकून निघाली, म्हणून मी म्हणले, शिकून काय दिवे लावणार हायेस. तिनं भाकर ठेवली ताटात. न जेवता, न बोलता गेली. हे मी कुणाला सांगितलं नाय. मालकांना बी नाय."

महाराजांचे डोळे उघडले होते. साळूबाई आता त्यांच्याशी बोलत नव्हती, स्वतःशीच बोलत होती. घरात शुभांगीला शुभी म्हणत, तिला लाल रिबन आवडे, तिला पाण्याची भीती वाटे, हे सगळं महाराजांना कसं ठाऊक, याचं तिला नवल वाटायचं. मठाच्या दारात चपला सांभाळणारी लताबाई बसते. रांगेत ताटकळताना साळूबाई तिच्यापाशी मन मोकळं करायची. जे लताबाईला सांगितलं, तेवढंच पोरगी आतून बोलली. जे कुणालाच सांगितलं नाही, ते पोरीला ठाऊक नव्हतं.

राहता राहिला तो "राग नाही". ते एक वाक्य महाराज दुःखानं आलेल्या प्रत्येकाला सांगत. त्यांना साळूबाईच्या भांडणाचा पत्ता नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. जवळचं माणूस अचानक गेलं की मागे राहिलेल्या प्रत्येकाला काहीतरी बोलायचं राहून गेलेलं असतं, काहीतरी बोलून गेलेलं असतं. त्या वाक्यावर साळूबाई पाच महिने जगली होती.

तिनं छायाचा हात धरला आणि ती घराकडे चालायला लागली. महाराजांवर ती ओरडली नाही. गर्दी हळूहळू पांगली. पुढे आम्ही पोलिसांत अर्ज दिला, तो त्यांनी दाखल करून घेतला. मठ महिनाभरात बंद झाला. महाराज कळवणकडे कुठंतरी बसतात, असं नंतर कानावर आलं, आणि आमच्या गावातलीच दोन घरं अजून तिकडे जातात. सगळे शहाणे झाले असं मी सांगणार नाही.

शनिवारी बुधानं आणि भागीबाईनं खड्डे साफ केले. पाणी खंडेरावांनी आपल्या विहिरीचं आणलं. नव्या सिमेंटचा माल कालवला, खांब ओळंबा लावून सरळ धरले, चारही खड्डे भरले. रविवारी दुपारी खंडेरावांनी गज टेकवला, तो आत गेला नाही. ते तिथंच बांधावर बसले. आनंद असा झाला नाही कुणाला. पाया धरला, म्हणजे पोरगी नाही, एवढाच त्याचा अर्थ त्या घरात होता.

नव्या काँक्रीटवर रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं. सोमवारी सकाळी शाळेत जाताना मी पाहिलं, साळूबाई कळशीनं चारही खड्ड्यांवर पाणी घालत होती. रोज येत होती. सात दिवस पुरे असतात, चौदा झाले तर उत्तम. ती महिनाभर येत राहिली. वर पत्रा चढला, बाक झाला, कॉलेजची पोरं तिथं उभी राहू लागली, तरी ती त्यांच्या पायांजवळून वाकून पाणी घालायची.

एका सकाळी तिनंच मला हाक मारली. ऑगस्टनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"सर, अजून किती दिवस घालायचं पाणी?"

तिला बरं वाटेल असं काही सांगता आलं असतं. अजून घाला म्हणालो असतो तर ती घालत राहिली असती.

"आता नाही घातलं तरी चालेल," मी म्हणालो. "पक्का झालाय."

तिनं कळशी खाली ठेवली. बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली, खूप वेळ. एसटी आली, गेली. मी शेजारी बसून राहिलो. मग ती म्हणाली, "भाकर खाऊन जायला पाहिजे होती तिनं." मी म्हणालो, "हो." शुभांगीला रागच नव्हता, असं मी म्हणालो नाही. ते मला ठाऊक नव्हतं. त्याऐवजी मला जे ठाऊक होतं ते मी तिला सांगितलं. ती गेली त्याच आठवड्यात शुभांगी कॉलेजातून परत येताना शाळेत डोकावली होती. आई दटावते, पण कॉलेजची फी फुलांच्या पैशातून तीच बाजूला काढून ठेवते, असं तिनं मला हसत सांगितलं होतं. हे खरं होतं आणि सहा महिने माझ्यापाशी पडून होतं. साळूबाईनं ते मला दोनदा सांगायला लावलं.

ही गोष्ट मी आता बऱ्याच शाळांतून सांगतो. साखरेचा भाग ऐकून मुलांचे डोळे चमकतात, आणि ते शिकायलाच हवं. कुणी चमत्कार दाखवला तर पाणी चाखा, मुंग्या बघा, तीन डबे मांडा, प्रश्न विचारा. पण मोठ्यांना मला आणखी एक सांगायचं असतं. धोंडीराम महाराज त्या घरी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. मी पाच महिन्यांनी गेलो. त्यांच्याकडे खोटं होतं, माझ्याकडे खरं होतं, आणि तरी साळूबाईला ते जवळचे वाटले, कारण ते आले होते. तुमच्या ओळखीच्या घरातलं माणूस गेलं असेल, तर उद्या नको, आज जा. काही सुचलं नाही तरी बसा. आणि बोलाल तेव्हा खरं बोला.